उलट्या लवेचं जनावर

"आधी हात फिरव, मग कात्री धर. लव कुठल्या बाजूला निजते ते तळव्याला कळलं नाही, तर डोळ्यांना कळून काय उपयोग?"

आत्याचा हा आवाज बरंताईच्या कानात रोज सकाळी एकदा तरी उमटायचाच. आत्या जाऊन चार वर्षं झाली होती, पण कामाच्या टेबलावरून ती काही उठली नव्हती. लांब लवेचं कापड पुढ्यात आलं की ती हजर. जनावराच्या अंगावरची लव मानेकडून शेपटीकडे निजलेली हवी, जशी खऱ्या जनावराची असते. म्हणून कापडाच्या मागच्या अंगाला आखणी करण्याआधी पुढून हात फिरवायचा आणि लव जिकडे निजते तिकडे खडूनं एक बाण काढून ठेवायचा. एवढंच. पण एवढंच चुकलं की पंधरा दिवसांचं मुसळ केरात.

बरंताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिनं जन्मभर मेहनत करून मिळवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ओले कपडे तिच्या खिडकीवर गळत ठेवले तर "बरं". भाजीवाल्यानं अर्धे टोमॅटो नासके दिले तर "बरं". एकदा कुणाचा तरी चुकून फोन आला, तो माणूस ऐकूनच घेईना, "धुलाईवाले ना? उद्या कोट पाठवतो." ही म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ खरंच कोट घेऊन दारात उभे. हिनं तो धुऊन, इस्त्री करून दिला. वर कॉलरचा उसवलेला टाकाही घालून दिला.

"वन्सं, तुम्हाला उद्या कुणी म्हणालं विहिरीत उडी घ्या," भावजय म्हणायची, "तर तुम्ही विचाराल, किती वाजता?"

भाऊ, भावजय आणि ही, अशी तीन माणसं दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहत. काचा लावून बंद केलेली मागची गॅलरी हिची. तिथे हिची जनावरं जन्माला यायची. कुठल्याही रानात न सापडणारी. घुबडाचं तोंड आणि बकरीचे पाय असलेली, सशाच्या कानांची मगर, दोन शेपट्यांचं काहीतरी ज्याला नाव नव्हतं. आधी तारेचा सांगाडा, त्यावर कापसाचे पेड, मग भाजून टणक होणाऱ्या मातीचा चेहरा आणि पंजे, आणि सगळ्यात शेवटी कापड. चेहरे स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले जात आणि भावजयीचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं, "लोकांच्या ओव्हनमधून बिस्किटं निघतात, आमच्या ओव्हनमधून मुंडकी."

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. बरंताईचा नेम. सकाळी अंघोळ झाली की खिडकीतला लहानसा दिवा लावून ती हात जोडायची आणि त्या दिवसाचा पहिला टाका घालेपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायची नाही. आत्या गेली त्या आठवड्यात घेतलेला नेम. तापात फणफणली होती तेव्हाही तिनं अंथरुणात बसून रुमालाच्या कडेला एक टाका घातला होता आणि मगच पाणी मागितलं होतं. देवाला आपण दुसरं काय देणार, असं तिला वाटे. दिवसातले पहिले शब्द तरी त्याचे असू द्यावेत.

तर अशा या बरंताईकडे एका दुपारी टेलिफोनकाकू जिना चढून आल्या.

काकू पलीकडच्या गल्लीतल्या. एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. गल्लीत त्यांचा आवाज प्रसिद्ध होता, मधात बुडवून काढल्यासारखा. पण त्या दिवशी तो आवाज कुणीतरी खरकागदावर घासल्यासारखा येत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर काकू गळ्यावर हात ठेवून थांबत होत्या.

"मला एक जनावर करून दे," त्या म्हणाल्या. "चिडकं."

"बरं."

"नीट ऐक आधी. नुसतं चिडकं नाही. कुणी जवळ आलं की 'काय आहे?' असं विचारणारं. हसरं केलंस तर तुझ्या अंगावर फेकीन."

बरंताई हसली. काकू हसल्या नाहीत.

"घशातलं यंत्र काढणार आहेत माझ्या," त्या म्हणाल्या. "आवाजाचं. सगळंच्या सगळं. रोग तिथेच बसलाय म्हणे. ते काढलं की मी जगेन, पण बोलणार नाही. पाटीवर लिहायचं आता, शाळेतल्या पोरीसारखं."

बरंताईनं पाण्याचा पेला पुढे केला. काकूंनी तो बाजूला सारला.

"बोर्डावर बसायचो ना आम्ही, तेव्हा प्रत्येकीच्या समोर एक आरसा लावलेला असायचा. एवढासा. कशाला, सांग? आपण हसतोय की नाही ते बघायला. हसलं की आवाजात हसू उतरतं म्हणे. पलीकडचा शिव्या देतोय, इकडे माझ्या बापाचं आजारपण चाललंय, आणि मी आरशात बघून हसतेय. एकतीस वर्षं. आता दवाखान्यात गेले तर तिथेही तेच. डॉक्टर हसतो. नर्स हसते. माझा लेक आणि सून तर असे हसतात की जसं काही माझं बारसं आहे. अगं, माझा गळा कापणार आहेत. कुणीतरी एक जण तोंड वाकडं करून बसा की माझ्याजवळ!"

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्या हळू म्हणाल्या, "मला बोलता येईनासं झालं की माझ्या वतीनं गुरगुरायला कुणीतरी हवं. म्हणून ते जनावर."

"कधीपर्यंत हवं काकू?"

"आजपासून पंधरा दिवसांनी, गुरुवारी. सकाळी नवाला मला आत नेणार. त्याच्या आधी आण. नंतर नको. त्याचं नाव मला ठेवायचंय, माझ्या तोंडानं. शेवटचा शब्द हॅलो नको माझा."

"बरं," बरंताई म्हणाली.

"बरं नको. बरं तू सगळ्यांनाच म्हणतेस. कबूल म्हण."

हा शब्द तिच्या जिभेवर फारसा आलेला नव्हता.

"कबूल," ती म्हणाली.

* * *

चेहरा तिनं चार दिवसांत केला. आधी डोळे. काचेचे दोन अर्धगोल घेऊन त्यांच्या सपाट बाजूला तिनं आधी काळी उभी फट काढली, मग तपकिरी कडा, मग त्यावर पिवळा रंग दिला. डोळे मातीत बसवताना ते एक केसभर आत ओढले आणि वरून भुवईचा कंगोरा पुढे आणला, की आपोआप ते जनावर खालून वर बघायला लागलं. नाक चपटं. एक कान अर्धा फाटलेला. तोंड मिटलेलं, खालचा जबडा पुढे, आणि त्यातून एकच दात वर आलेला. ओव्हनमधून काढून तिनं तो चेहरा भाजी चिरायच्या फळीवर गार करायला ठेवला तेव्हा भावजय चहा टाकायला आली होती.

"अगं बाई!" ती मागे सरली. "हे माझ्या मामांवर गेलंय. लग्नात मानपान कमी पडला तेव्हा ते अस्सेच बसले होते."

बरंताईला ही फार मोठी पावती वाटली.

सांगाडा झाला, पंजे झाले, पंजांना कातड्याच्या गाद्या झाल्या. कापड राहिलं. कापड ती नेहमी शेवटी कापायची. आणि या वेळी कापड साधं नव्हतं. आत्यानं मागे ठेवलेल्या गुंडाळीचा शेवटचा तुकडा होता तो, राखेच्या रंगाचा, टोकाला काळपट होत गेलेला. तो बनवणारी गिरणी केव्हाच बंद पडली होती. एक पाठ आणि एक पोट, एवढंच त्यात निघणार होतं.

गुरुवार तीन दिवसांवर आला आणि सोमवारी संध्याकाळी टेलिफोनकाकूंचा मुलगा आला.

माणूस वाईट नव्हता. तसा असता तर फार सोपं झालं असतं. कचेरीतून थेट आलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांखाली काळं. खुर्चीच्या टोकावर बसला आणि हातातली गाडीची किल्ली उगाच फिरवत राहिला.

"ताई, तुमच्या हातात कला आहे असं ऐकलंय," तो म्हणाला. मग टेबलावरच्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं. "हे... असंच राहणार?"

"त्यांनी असंच सांगितलंय," बरंताई म्हणाली. इतक्या हळू की ते त्याला ऐकू गेलं असेल की नाही, कोण जाणे.

"आई हल्ली कशावरही चिडते हो. काल नर्सला म्हणाली, इतकी हसू नकोस, दातांना वारा लागेल. डॉक्टर सांगतात, पेशंटच्या आजूबाजूला प्रसन्न वातावरण ठेवा. आणि हे उशाशी बसलं तर? शुद्धीवर आल्या आल्या हे बघायचं तिनं?" त्यानं मान हलवली. "जरा हसरं करा ना. गुलाबी नाक वगैरे. आणि गुरुवारी कुणी नकोच. त्या सकाळी फक्त घरची माणसं. मी शनिवारी येऊन घेऊन जातो, तुम्हालाही दोन दिवस जास्त मिळतील."

बरंताईनं टेबलावरचा चेहरा स्वतःकडे ओढून घेतला.

"मला तिला एकदा हसताना बघायचंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

फुटलेल्या आवाजापुढे बरंताईचं कधीच काही चाललं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

तो खाली उतरला तरी ती तशीच बसून होती. स्वयंपाकघराच्या दारातून भावजयीनं डोकं बाहेर काढलं. कान तिथेच होते आधीपासून, डोकं आता आलं.

"एकाला कबूल, एकाला बरं," ती म्हणाली. "वन्सं, एक जनावर आणि दोन मालक. मधून कापणार की काय?"

* * *

मंगळवारी सकाळी बरंताईनं हसरा चेहरा केला. तासाभरात झाला. रागाला चार दिवस लागले होते. हसू करायला काहीच लागत नाही, मातीच्या फटीची दोन टोकं अंगठ्यानं वर दाबली की झालं. नाकाला गुलाबी रंग दिला. तो भाजत असतानाच तिनं कापड पुढे ओढलं आणि मागच्या अंगानं आखणी करून पातं चालवलं. लव कापली जाऊ नये म्हणून फक्त कापडाच्या मागचं विणकाम कापायचं असतं, पात्याचं नुसतं टोक टेकवून. हात सवयीचा होता. मन मात्र कुठेतरी दवाखान्याच्या पायऱ्यांवर घुटमळत होतं. त्या सकाळी आत्याचा आवाज आला नाही. किंवा आला असेल, हिनं ऐकला नाही.

बुधवारी दुपारपर्यंत शिवण झाली. उलट्या बाजूनं शिवलेली पाठ तिनं सरळ केली, सांगाड्यावर चढवली, सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेली लव मोकळी केली आणि मायेनं मानेवरून खाली हात फिरवला.

लव खाली बसली नाही. उठून तिच्या तळहाताला भिडली.

तिनं पुन्हा हात फिरवला. पुन्हा तेच. मानेपासून शेपटीपर्यंत सगळी लव उभी, टोकं तिच्याकडे वळलेली. पाठ उलटी कापली गेली होती. शेपटीकडून मानेकडे. ज्या चुकीसाठी आत्यानं तिला पहिल्या वर्षी आठ दिवस नुसतं कापडावरून हात फिरवायला बसवलं होतं, ती चूक तिनं तीस वर्षांनी केली. आणि तीही आत्याच्याच कापडावर.

"उसव," आता मात्र आवाज लख्ख आला. "तुकडे फिरव, जिथे अपुरं पडेल तिथे ठिगळ लाव. घाई कशाला? शनिवारपर्यंत होतंय सगळं."

शनिवार. आत्याही शनिवारच म्हणत होती. मुलगा शनिवार म्हणत होता. शहाणपण सगळं शनिवारच्या बाजूला होतं आणि गुरुवारच्या बाजूला एक खरखरीत आवाज, तोही सकाळी नऊपर्यंतच.

तिनं हसरा चेहरा उचलला आणि मानेवर धरून बघितला. त्याच वेळी भावजय चहाचे कप घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"वन्सं, ते मागचं... चिडकं बरं होतं."

"का?"

"त्याची पाठ बघा, कशी उभी राहिलीय. आतून पेटलंय ते. आणि वर तोंड मात्र असं, 'या ना, बसा ना, चहा घ्या ना'. मला भीती वाटते त्याची. असं हसणारी माणसं एक दिवस काय करतील सांगता येत नाही."

बरंताई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हे हसू तिनं कुठेतरी पाहिलं होतं. फार वेळा पाहिलं होतं. मग तिनं मान वर केली, आणि गॅलरीच्या काचेत ते तिला दिसलं. भावजयीच्या हातून कप घेताना तिच्या स्वतःच्या तोंडावर होतं ते. कुणी मागितलं नव्हतं. आपसूक आलं होतं.

समोर आरसा न लावताही माणूस एकतीस वर्षं बोर्डावर बसू शकतो तर.

तिनं कप खाली ठेवला.

"आत्या, या वेळी नाही," ती म्हणाली.

भावजयीनं गॅलरीभर नजर फिरवली. "कुणाशी बोलताय?"

"आत्याशी. उसव म्हणतेय. नाही म्हटलं तिला."

"नाही?" भावजय मटकन स्टुलावर बसली. "तुम्ही? नाही? परत म्हणा बघू."

"नाही."

"अजून एकदा म्हणा. ह्यांना बोलावू का ऐकायला?"

"नाही म्हटलं ना!"

दोघी इतक्या हसल्या की चहा सांडला. मग हसू थांबलं आणि बरंताईनं कामाला हात घातला. चिडका चेहरा आणला आणि त्या उभ्या लवेच्या पाठीवर बसवला. चेहरा आणि पाठ एकाच आईच्या पोटचे दिसत होते. कुणीही त्याला थोपटायला हात पुढे करावा आणि त्यानं अंग फुलवून सांगावं, पुरे.

"पण त्या मुलाला तुम्ही बरं म्हणालात," भावजय म्हणाली. "हसरं करते म्हणून शब्द दिलात. खोटं नको व्हायला तुमचं. तुम्ही रोज दिवा लावणारं माणूस."

हे बरंताईलाही खुपत होतं. ती जनावराच्या रिकाम्या पोटाकडे बघत होती. पोटात वजन घालायचं राहिलं होतं. वजन नसलं की असं बाहुलं बसत नाही, कलंडतं. एरवी ती वाळूची पुरचुंडी घालायची.

तिनं तो हसरा, गुलाबी नाकाचा चेहरा हातात घेतला. तोलून बघितला. मग कापसात नीट गुंडाळला, जनावराच्या पोटात ठेवला आणि पोट शिवून टाकलं.

जनावर ताठ बसलं.

भावजयीच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तिनं कपाळाला हात लावला. "वन्सं! लोकांच्या ओठात हसू आणि पोटात राग. हे उलटंच की!"

"त्यांनी हसू मागितलं होतं," बरंताई शांतपणे म्हणाली. "दिलं. कुठे ठेवायचं ते काकूंचं."

"आणि उद्या जाणार?"

"जाणार."

"थांबा. जमतंय का बघू." भावजयीनं बाह्या सरसावल्या, चेहरा केविलवाणा केला आणि हातात चमचा घेऊन किल्लीसारखा फिरवायला लागली. "मी तो मुलगा. दवाखान्याच्या दारात उभा. 'ताई, गुरुवारी नको म्हटलं होतं ना मी? आईला त्रास होईल हो. शनिवारी या, प्लीज.'"

बरंताईनं तोंड उघडलं. भावजयीचे डोळे खरंच भरून आल्यासारखे दिसत होते.

"ब... बरं," ती म्हणाली.

"संपलं!" चमचा टेबलावर आपटला. "अहो, भिंतीला नाही म्हणता, मेलेल्या आत्याला नाही म्हणता. जिवंत माणूस समोर आला की झालं तुमचं."

"माझी जीभच वळत नाही गं कुणाच्या तोंडावर."

"मग जीभ घरी ठेवून जा."

भावजय हे चेष्टेनं म्हणाली होती. बरंताई मात्र हातातल्या सुईकडे बघत राहिली. मानेखाली, पाठ आणि चेहरा जोडणारी शिवण पुरी व्हायला एकच टाका उरला होता. तिनं तो घातला नाही. दोरा तसाच सोडला, सुई जनावराच्या काखेत टोचून ठेवली आणि दिवा मालवायला उठली.

* * *

गुरुवारी ती रोजच्यापेक्षा लवकर उठली. अंघोळ केली, दिवा लावला, हात जोडले. इतर दिवशी ती काही मागत नसे. त्या दिवशी मागितलं. माझ्या तोंडाला आज कुलूप राहू दे. किल्ली तुझ्याकडे.

मग टेबलापाशी न बसता ती चप्पल शोधायला लागली.

भावजयीनं केस बांधता बांधता बघितलं. आधी रिकामी खुर्ची बघितली, मग जनावराच्या काखेतली सुई, मग नणंदेचं घट्ट मिटलेलं तोंड. आणि मग तिला सगळं कळलं.

"पहिला टाका तिथे घालणार," ती म्हणाली. "काकूंच्या समोर. तोवर तुमचं मौन. कुणी काही म्हणालं, नर्स म्हणाली, तो म्हणाला, तरी तुम्हाला बरं म्हणताच येणार नाही."

बरंताईनं मान हलवली.

"आणि मी समजत होते, तुम्ही भोळ्या आहात!"

सव्वासातला फोन वाजला. भावजयीनं धावत जाऊन उचलला.

"हो... हो, त्यांचंच घर. नाही, बोलू शकत नाहीत त्या. आजारी नाही हो, मौन आहे त्यांचं. रोजचा नेम आहे, पहिला टाका घालेपर्यंत... कधी घालणार? ते त्यांनाच ठाऊक, आणि त्या तर बोलत नाहीत." तिनं फोनवर हात ठेवून नणंदेकडे बघितलं. डोळ्यांत नुसता खट्याळपणा. "हां, ऐकतेय. आज येऊ नका म्हणून सांगू? सांगते. ऐकतील त्या, ऐकायला बंदी नाही... काय म्हणालात? हसरं?"

भावजयीनं वळून बघितलं. जनावर टेबलावर जबडा पुढे काढून बसलं होतं.

"हसू आहे ना," ती म्हणाली. "चांगलं मूठभर आहे. अगदी पोटापासून."

फोन ठेवून ती आत गेली. तिनं कापडी पिशवी आणली आणि दोघींनी मिळून जनावर तिच्यात उभं केलं. डोकं बाहेर राहिलं. फाटका कान पिशवीच्या बंदात अडकला, तो भावजयीनंच सोडवला.

"रडत होता तो शेवटी," ती हळूच म्हणाली. "तुम्ही समोर असता तर विरघळला असतात. मीही विरघळले असते. जा आता. त्याला नंतर मी बघते. चार शिव्या दिल्या त्यानं तर माझ्या नावावर घ्या, मला पचतात."

बरंताईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि जिन्याला लागली.

पहिल्या मजल्यावरचं दार उघडं होतं. आतून आवाज आला, "कोण, बरंताई का? येताना माझं दूध आणाल? दोन पिशव्या. आणि इस्त्रीवाल्याकडचे कपडेही घेऊन या, तो आज लवकर बंद करतो."

ती थांबली. वीस वर्षं ती या दारापाशी थांबत आली होती. बाई भाजी परतायची सोडून दारात आल्या, हातात उलथनं, चेहऱ्यावर उत्तराची वाट. उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

बरंताईनं त्यांच्याकडे बघितलं आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश मान हलवली.

बाईंच्या हातातलं उलथनं तसंच हवेत राहिलं. त्यांची नजर पिशवीकडे गेली. पिशवीतून दोन पिवळे डोळे खालून वर त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी दार थोडं पुढे ओढून घेतलं.

रस्त्यावर दुकानांच्या फळ्या अजून उघडायच्या होत्या. झाडूवाली फूटपाथ झाडत होती, बसथांब्यावर दोन माणसं पेंगत होती. दवाखाना बसनं वीस मिनिटांवर, आणि नवाला दीड तास होता. दारात मुलगा असेल. तो हात जोडेल, कदाचित रागवेलही. रागवू दे. त्यालाही कुणावर तरी रागावायची गरज असेल. ती ऐकून घेईल सगळं, आणि मग त्याच्या बाजूनं पुढे जाईल, खाटेपाशी बसेल, काखेतली सुई काढेल. तो एक टाका पडेपर्यंत काकू नाव ठेवतील. कुठलं ते तिनं मुद्दामच मनात आणलं नव्हतं. ते पहिल्यांदा त्यांच्याच आवाजात ऐकायचं होतं तिला.

बस येताना दिसली. तिनं पिशवी छातीशी धरली आणि नकळत हात जनावराच्या पाठीवरून खाली फिरवला. लव उठली आणि तळहाताला भिडली. तिनं हात काढला नाही. तसाच ठेवून ती बसमध्ये चढली.